फर्स्ट क्लासच्या वेटिंग रूममधला तपास

ती गोष्ट आठवली का मले अजूनबी आपलंच हसू येते, अन् हसता हसता थोडी लाजबी वाटते. नोकरीत खून पाह्यले, दरोडे पाह्यले, त्यातलं निम्मं इसरलो. हा तपास मात्र इसरता येत नाई. काऊन का, या तपासात सगळ्यात जास्त अडथळा ज्या माणसानं आणला तो मीच होतो.

मी शिकेल माणूस नाई. हे सगळं सून लिहून राह्यली, मी सांगून राह्यलो. भरती झालो तेव्हा छाती मोजली, उंची मोजली, डोकं कोणीच मोजलं नाई, म्हणून निभावलं. चढत चढत रेल्वे पोलिसात हेड कान्स्टेबल झालो. लोक जमादार म्हणत. वर्ध्याच्या ठेसनावर आमची चौकी होती. एक टेबल, एक बाक, एक कंदील, अन् एक रोजनामा. रोजनाम्यात रायटर, म्हणजे आमचा लिहिणारा शिपाई, दिवसभराचं सगळं लिहे अन् मी खाली सही ठोके. काय लिहिलं ते मले रायटर वाचून दाखवे. तो जे वाचे तेच लिहिलं असन असा माहा इश्वास.

नागपूरच्या दीक्षेले साल होऊन गेलतं, तेव्हाची गोष्ट. ठाणेदार साहेबानं मले बलावलं. खबर अशी होती का, बडनेऱ्यापासून नागपूरपर्यंत एक उचल्या फिरून राह्यला. सुटाबुटात राह्यते. फर्स्ट क्लासच्या वेटिंग रूममधी जाते, लांब खुर्चीत झोपल्याचं सोंग करते, अन् सामानाचा मालक न्हाणीत गेला का बॅग घेऊन पसार. साहेब म्हणे, "जमादार, साध्या कपड्यात नजर ठेवा."

आता साधे कपडे म्हणजे धोतर-सदरा, हे कोणालेबी समजते. पण माह्या डोक्यानं इचार केला का, सुटाबुटातला चोर धराले सुटाबुटातलाच पोलीस पाहिजे. परटाकडं एका वकिलाचा तपकिरी कोट धुवाले आलता, तो उसना घेतला. वकील बारीक, मी आडवा. बटन लावलं का श्वास अडके, श्वास घेतला का बटन कुरकुरे. तसाच गेलो.

फर्स्ट क्लासची वेटिंग रूम म्हणजे आमच्यासाठी काचेतली मिठाई होती. जाळीचे दारं, वर पंखा, मधात गोल टेबल, भिंतीले माणसाएवढा आरसा, आत न्हाणी, अन् त्या वेताच्या लांब हाताच्या खुर्च्या, ज्याच्यावर पाय टाकून साहेब लोक पडत. दारावर एक बुढा चपराशी असे. तो तिकीट पाहून आत सोडे, पाणी भरे, झाडझूड करे. त्याले आम्ही बाबा म्हणत असू.

मले पाहून तो उठला नाई, नुसता खालपासून वरपर्यंत पाहत राह्यला.

"जमादार, कोट उसना दिसते."

"तुले काऊन?"

"नाई, बाह्या कोपराकडं निघाल्या म्हणून म्हटलं."

"चूप राह्य. आज मी साहेब आहो. कामावर आहो."

"मंग साहेबानं कानावरची बिडी काढा," म्हणे.

बिडी काढली अन् आत जाऊन लांब खुर्चीत पडलो. दुपारचे तीन वाजले असन. थोड्या वेळानं एक पोट्टा आला, वीस-बावीसचा, हातात चामडी बॅग. रोहण्याचा होता. कापसाच्या रोगाचं शिक्षण घ्याले सरकारी वजिफ्यावर विलायतेले जाऊन राह्यला होता. इथून साडेपाचच्या मेलनं मुंबई, अन् दुसऱ्या दिवशी मुंबईहून विमान. अख्ख्या रोहण्यात विमानात बसणारा पहिला माणूस. पंचवीस-तीस गाववाले झेंडूचे हार घेऊन प्लॅटफॉर्मवर बसले होते. त्याचे मायबाप लहानपणीच गेले होते. आत्यानं वाढवलं होतं, ते विधवा बाई बाजूच्या जनाना वेटिंग रूममधी बसली होती.

पोट्ट्याले मी खराच साहेब वाटलो. अदबीनं म्हणे, "साहेब, आपण कुठवर?"

"मी? पुढं."

"विमानात बसले असान तुमी?"

आता नाई म्हणतो तर कोटाची इज्जत जाते. म्हटलं, "हाव. दोन-चारदा."

"कान दुखते म्हणते, खरं का?"

"कापूस घालजो कानात," म्हटलं. "आपल्या इकडं कापसाले काय तोटा हाये?"

त्यानं खरंच वहीत लिहून घेतलं का काय माहीत नाई. मंग टॉवेल घेऊन न्हाणीत गेला. बॅग टेबलावर. मी डोळे मिटले. सोंग होतं ते. थोडं खरंबी होतं.

चार वाजता पोट्टा ओल्या केसानं बॅगेपाशी उभा अन् एकदम ओरडला, "माहा पासपोर्ट!" पासपोर्ट गायब, अन् त्यातच घडी करून ठेवेल विमानाचं तिकीटबी गायब. बाकी बॅग जशीच्या तशी.

खोलीत दुसरा माणूस कोण? तपकिरी कोटवाला, लांब खुर्चीत, झोपल्याचं सोंग करणारा. ठाणेदार साहेबानं चोराचं जे वर्णन सांगतलं होतं त्यात मी तंतोतंत बसत होतो. पोट्ट्यानं माही कॉलर धरली. वकिलाचं बटन उडालं ते आरशावर जाऊन टणकन् लागलं.

"काढा पासपोर्ट!"

"अबे सोड, मी पोलीस आहो!"

"पोलीस असा असते? आत्ताच तर तुमी विमानात बसून आले होते!"

तेवढ्यात बाबा घागर घेऊन दारातून आला. म्हणे, "सोडा भाऊ, सोडा. हे आमचे जमादार होत. दिसत नाई, पण होत."

बाबानं सोडवलं म्हणून वाचलो. अन् वाचल्यावर पयले काय केलं असन मी? बाबालेच विचारलं, "कुठं गेलता तू?"

"पाणी भराले. याच भाऊनं पेवाले पाणी मांगतलं होतं. दहा मिनटं लागले. तुमी तर होते ना आत?"

"मी होतो. कोणीच आलं नाई आत," मी छातीवर हात ठेवून सांगतलं. अन् मले ते खरंच वाटत होतं.

मंग राह्यलं कोण? जो दारावर असते तो. हा माहा हिशोब. याले आमच्या खात्यात तपास म्हणत.

पोट्ट्याचा चेहरा पांढरा पडला होता. हळूच म्हणे, "जमादार साहेब, मेल गेली तर विमान गेलं, अन् विमान गेलं तर माही जागा दुसऱ्याले देईन. पण एक काम करा. आत्याले सांगू नका."

"काऊन?"

"रोहण्याहून छोट्या गाडीनं पुलगावले आलो. तिथं मेल थांबत नाई, म्हणून मांगं वर्ध्याले या लागलं. मुंबई मावळतीले, अन् आमी निघालो उगवतीकडं. 'उलट्या तोंडानं निघाला तू' म्हणून ते सकायपासून घोर लावून बसली. आता हे आयकलं तर मुंबई राह्यली बाजूले, माहा हात धरून मले रोहण्याले नेईन."

नाई सांगत, म्हणून मी वचन देलं. गाववाल्यांलेबी त्यानं काई सांगतलं नाई. आत्याच्या कानावर जाईन म्हणून. अन् जनाना वेटिंग रूममधी आम्ही पोलीस पाय ठेवत नसू. तिथं सगळं शांत. आत्या आत बसून सुपारी कातरून राह्यली होती, हे मी जाळीतून पाह्यलं अन् बरं वाटलं. चला, बाईले काई माहीत नाई.

बाबाले चौकीत नेलं, बाकावर बसवलं. मी कोट काढला नाई. काढला असता तर आतली फाटकी बंडी दिसली असती अन् दरारा गेला असता.

"सांग, कुठं ठेवला?"

"काय ठेवला?"

"खा शपथ. घे देवाचं नाव."

"जमादार, देव सोडून साल झालं," बाबा म्हणे. आवाज वाढवला नाई त्यानं. "पंचशील घेतलं मी. चोरी करणार नाई, खोटं बोलणार नाई, दोन्ही त्यातच येते. आनखी कोनती शपथ देता?"

आता माह्याजवळ देव होते तेहतीस कोटी, अन् तरी मी दुपारी विमानात बसून आलतो. पण तेव्हा हे सुचलं नाई. तेव्हा मी टेबलावर हात आपटला. टेबलाचा एक पाय आखूड, ते डुगडुगलं, अन् दौत माह्याच पायावर सांडली.

"नोकरी किती राह्यली तुही?"

"आठ महिने."

"मंग इचार कर."

"माहाच इचार तर करून राह्यलो," म्हणे. "नाव लागलं तर गेली. पण जे माह्याजवळ नाई ते देऊ कुठून?"

मी रायटरले म्हटलं, लिही, संशयित म्हणून याचं नाव. रायटरनं लिहिलं. बाबा पूर्ण वेळ टाकाकडं पाहत होता. वाचता त्यालेबी येत नव्हतं, मले येत नव्हतं. पण त्याले ते लिहिलेलं माह्याहून जास्त दिसत होतं.

मंग हमालांचे मुंडासे झाडून पाह्यले. चहावाल्याची किटली उलटी केली. किटलीत पासपोर्ट कसा जाईन हे मले विचारू नका. पाच वाजले. निरोप आला का ठाणेदार साहेब स्वतः प्लॅटफॉर्मवर येऊन राह्यले. आता साहेबापुढं वकिलाच्या बिनबटनाच्या कोटात उभं राहता येत नाई. बाबाले म्हटलं, "हालजो नको," अन् वर्दी चढवाले क्वार्टरकडं पळालो. आमचे क्वार्टर ठेसनाच्या मावळतीले, मालधक्क्याच्या मांगं होते.

घरात घुसलो, खुंटीवरचा सदरा घातला, पट्टा शोधाले देवाजवळ वाकलो तर बायको ओरडली, "अवो, हात नका लावू तिकडं! परस्थान हाये!"

"कोणाचं परस्थान?"

ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगतो. प्रवासाले निघाची चांगली वेळ एक असते अन् गाडीची वेळ दुसरी असते. मंग चांगल्या वेळेवर जाणाऱ्याची एखादी वस्तू, कपडा म्हणा, तांदूळ-सुपारीसंगं फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात, ज्या दिशेले जायचं त्या दिशेच्या घरी. म्हणजे माणूस निघाला असं झालं. मंग जाताना ते उचलून न्यायचं. त्यालेच परस्थान म्हणतात.

बायको म्हणे, "एक बुढी बाई आलती, रोहण्याची. चार वाजाच्या आंधी. लय भली बाई. 'ठेसनाच्या मावळतीले सवाष्णीचं घर कोनतं?' म्हणून विचारत आली. म्हणे माहा भाचा दूरदेशी जाऊन राह्यला, उलट्या तोंडानं निघाला, त्याची वाट सुदी करून दे. मी देवापुढं जागा केली. गाडीची घंटी झाली का नेईन म्हणे."

देवापुढं पिवळं फडकं. गाठीच्या फटीतून काळसर पुठ्ठ्याचा कोपरा अन् त्याच्यावर सिंहाच्या छापाची कड दिसत होती.

तेव्हा मले लाडू आठवला.

खरं सांगतो. मी वेटिंग रूममधी डोळे मिटून पडलो होतो तेव्हा जाळीचं दार वाजलं होतं. मी डोळा किलकिला करून पाह्यलं. सुटाबुटातलं कोणी नव्हतं, लुगड्यातली बुढी होती, हातात लाडवाचा डबा. तिनं डबा टेबलावर ठेवला, बॅगेत काईतरी वरखाली केलं, डबा परत उचलला, अन् जाता जाता एक लाडू माह्या हातात देला. "घे बापू, झोपेतबी भूक लागते," म्हणे. मी उठून तिले दार उघडून धरलं. चोरीचा माल माह्या डोळ्यादेखत, मी उघडलेल्या दारातून, माह्याच घरी गेला. अन् मी लाडू खाऊन, मिशा पुसून, छातीवर हात ठेवून सांगतलं का कोणीच आलं नाई!

मी फडक्याले हात घातला तर बायको आडवी.

"उचलाचं नाई! परस्थान जानाऱ्यानं नाई तर ठेवनारीनं उचलाचं. तुमच्या हातानं त्या लेकराची वाट मोडन!"

"अवं, ते नाई उचललं तर त्याची वाट इथंच मोडते! अख्खं ठेसन तेच शोधून राह्यलं!"

"मंग बाईले आना. मी तुमाले हात लावू देनार नाई."

तीस वर्षं दारुडे, गुंड धरले. बायकोच्या हातातून पिवळं फडकं सोडवाची हिंमत झाली नाई. पळालो. वर खाकी सदरा, खाली वकिलाच्या कोटाखाली घातलेलं धोतर, डोक्यावर टोपी. गाववाले उठून उभे राह्यले. ठाणेदार साहेब प्लॅटफॉर्मवर होते, त्यांनी मले पाहून फक्त तोंड फिरवलं.

जनाना वेटिंग रूमच्या दारात उभा राह्यलो. "आत्याबाई, चला, परस्थान उचला."

"घंटी कुठं झाली बापू?"

आता खरं सांगावं तर बाई म्हणन, बाप रे, तेच हरवलं म्हणून शोधत होते, म्हणजे अपशकुन. अन् पोट्ट्याचा हात धरून चालली रोहण्याले. त्याले वचन देलतं मी. म्हटलं, "मेल वेळेच्या आंधी येऊन राह्यली."

"मेल? आंधी?" साहेब मांगून म्हणाले. त्यांच्या उभ्या जन्मात ते घडलं नव्हतं. मी त्यांच्याकडं पाह्यलंच नाई.

आत्या चालाले लागली. मी सोबत. बाई पावलं मोजून टाके, घाई नाई. मी विचारलं, "आत्याबाई, कपडा सोडून हे बुक काऊन घेतलं?"

"कपडे तर सारेच नवे होते. एकबी त्यानं आंगाले लावला नाई आजून," म्हणे. "त्या बुकात त्याचा फोटू दिसला. म्हटलं, यात तर तो सवताच हाये. त्याले सांगजो नको हं. शिकेल हाये तो, हासते मले."

भाचा आत्यापासून लपवून राह्यला, आत्या भाच्यापासून, अन् मधात मी, दोघायचंबी गुपित घेऊन धोतरात पळून राह्यलो.

घरी बायकोनं तिले पाट देला, कुंकू नाई लावता येत म्हणून नुसता नमस्कार केला. आत्यानं फडकं उचललं, छातीशी धरलं. तेवढ्यात ठेसनावर घंटी झाली. म्हातारीले म्हटलं, "आत्याबाई, जरा उचला पाय." ते म्हणे, "आता घाई काऊन? तो तर कवाचाच निघाला."

मेल उभी होती. पोट्टा डब्याच्या दाराशी, हार गळ्यात, चेहऱ्यावर प्रेतकळा. चढावं का नाई हेच त्याले कळत नव्हतं. आत्यानं फडकं त्याच्या हातात देलं. "हे घे. हासशीन तर हास. मावळतीले ठेवलतं."

त्यानं हाताले लागलं तसं ओळखलं. फडक्यावरून बोटं फिरवले, माह्याकडं पाह्यलं. मी मान हलवली. त्यानं वाकून आत्याच्या पायावर डोकं ठेवलं अन् बराच वेळ उचललंच नाई. गार्डानं शिटी मारली तरी. आत्या म्हणे, "पाह्य, एवढा शिकला पन पाया पडाचं वयन गेलं नाई." गाडी सुटली. तो दारात उभा, हातात पिवळं फडकं. काय झालं होतं ते आत्याले कधीच कळलं नाई. चार सालानं तो शिकून वापस आला तेव्हाबी त्यानं तिले सांगतलं नाई.

प्लॅटफॉर्मवर लाडू वाटले. मी तीन खाल्ले. गाववाल्यायनं माह्या गळ्यात उरलेला हार घातला, कशासाठी ते त्यायलेबी माहीत नव्हतं. मी हसत हसत चौकीत आलो.

बाबा बाकावर बसला होता. मी हालजो नको म्हटलं होतं, तो हालला नव्हता. एक तास. अन् मी त्याले इसरलो होतो.

गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, "बाबा, चुकलं माहं. माल सापडला."

"कोनाजवय?"

"माह्या घरी."

तो हसला नाई. रोजनाम्याकडं बोट करून म्हणे, "ते नाव खोडा."

रायटर म्हणे, "रोजनाम्यात खोडता येत नाई. लिहिलं ते लिहिलं. फक्त खाली नवीन लिहिता येते."

"मंग खाली लिहा," बाबा म्हणे. "माह्यापुढं लिहा."

तोवर ठाणेदार साहेब आत आले. त्यायनं सगळं आयकलं, खुर्ची ओढली, अन् स्वतः बोलून रायटरकडून लिहून घेतलं. चोरी झाली नाई. वस्तू तपास करणाऱ्या जमादाराच्या राहत्या घरी, देवापुढे मिळाली. वेटिंग रूमच्या चपराशाचा काहीएक दोष नाही, त्याच्यावर विनाकारण संशय घेतला.

रायटरनं वाचून दाखवलं.

"आनखी एक डाव वाचा," बाबा म्हणे.

पुन्हा वाचलं.

"ते 'जमादाराच्या राहत्या घरी' म्हनते ना, ते जरा मोठ्यानं."

साहेब हसले, रायटर हसला, मी हसलो, अन् मंग बाबाबी हसला. मी खाली सही केली. बाबा उठला, बिल्ला सरळ केला, म्हणे, "सहाची पॅसेंजर येईन. खोली झाडाची हाये," अन् गेला. आठ महिन्यानं त्यानं नोकरी पुरी केली, पुऱ्या इज्जतीनं.

वकिलाच्या कोटाचं बटन सापडलं नाई. तो उचल्याबी माह्या हातानं सापडला नाई, दुसऱ्याच कोणी बडनेऱ्याले धरला. त्याच्या अंगात कोट नव्हता, धोतर होतं.

या तपासानं मले एवढंच शिकवलं. ज्याच्यावर संशय येते त्याले तर सगळेच विचारते, त्यासाठी वर्दी लागत नाई. ज्याच्यावर येत नाई त्याले विचारणं, हे पोलिसाचं काम आहे. म्हणून पुढं जिथं जिथं तपासाले गेलो तिथं पयला प्रश्न मी मलेच विचारत गेलो, का बाप्पा, तू इथं बसून काय पाह्यलं, अन् काय पाहून मोजलं नाई.